अरबीत साधा प्रश्न कसा विचारायचा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अरबीचे पहिले धडे गिरवणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांचा पाया फ़ुस़्ह़ा हा आहे, म्हणजे पुस्तकांत, बातम्यांत आणि औपचारिक बोलण्यात वापरली जाणारी प्रमाण अरबी. बोलींबद्दलचं उत्तर पुढे स्वतंत्र दिलं आहे.

देवनागरीतले अरबी शब्द वाचताना दोन गोष्टी सांभाळा. शेवटी पाय मोडलेला नसेल तर शेवटचा अ संस्कृतसारखा पूर्ण उच्चारायचा: 'क़ह्व' (कॉफी), 'सय्यार' (मोटार). आणि नुक्ता असलेलं अक्षर म्हणजे मराठीत नसलेला उच्चार. ह़ घशातून जोर लावून काढलेला, अ़ घसा आवळून काढलेला, स़, त़, द़ जीभ मागे ताणून केलेले जड उच्चार, क़ पडजिभेजवळचा. थ़ आणि ज़ म्हणताना जिभेचं टोक वरच्या-खालच्या दातांच्या मधे ठेवायचं.

प्रश्न : मराठीत 'का' शेवटी येतो, अरबीत 'हल्' कुठे ठेवायचं? वाक्य उलटंपालटं करावं लागतं का?

काहीही उलटंपालटं करायचं नाही. तयार विधान घ्या आणि त्याच्या आधी 'हल्' ठेवा. 'अन्त त़ालिब्' म्हणजे तू विद्यार्थी आहेस. 'हल् अन्त त़ालिब्?' म्हणजे तू विद्यार्थी आहेस का? वर्तमानकाळात 'आहे'साठी वेगळा शब्द नसतो, त्यामुळे तो शोधत बसू नका. मराठी बोलणाऱ्याच्या तोंडून सवयीनं 'अन्त त़ालिब्, हल्?' असं निघतं. ऐकणाऱ्याला ते अर्धवट तोडलेलं वाक्य वाटतं, कारण 'हल्' आला की पुढे विधान येणारच, ही त्याची अपेक्षा असते.

पुढचा शब्द 'अल्'नं (इंग्रजीतल्या 'द'सारखं, ठरावीक वस्तू दाखवणारं उपपद) सुरू होत असेल तर 'हल्'च्या शेवटी इ येतो आणि दोन्ही जोडून उच्चारतात: 'हलिल्-बाब् मफ़्तूह़्?' दार उघडं आहे का? स, श, र, त, न, द यांसारख्या चौदा व्यंजनांच्या आधी 'अल्'मधला ल त्या व्यंजनासारखा होतो: 'हलिस्-सय्यार जदीद?' मोटार नवी आहे का?

खरी चूक 'हल्'मध्ये कमी आणि 'अल्'मध्ये जास्त होते. मराठीत असं उपपद नसल्यामुळे ते गळतं. 'हल् बाब् मफ़्तूह़्?' म्हटलं तर ऐकणाऱ्याला 'एखादं उघडं दार...' एवढंच ऐकू येतं आणि तो पुढचं ऐकायला थांबतो. उलट दोन्हीकडे लावून 'हलिल्-बाबुल्-मफ़्तूह़्?' म्हटलं तर 'ते उघडं दार...' असं होतं आणि वाक्य तेव्हाही अपुरंच राहतं. ज्याच्याबद्दल विचारता त्याला 'अल्' लावायचं. त्याच्याविषयी जे विचारता त्याला लावायचं नाही.

'हल्'ऐवजी नुसता 'अ' पुढच्या शब्दाला जोडूनही प्रश्न होतो: 'अ-अन्त त़ालिब्?' अर्थ तोच. सुरुवातीला सगळीकडे 'हल्' वापरा. 'अ' दोनच ठिकाणी लागतो, नकारार्थी प्रश्नात आणि दोनांतलं एक निवडायला सांगताना. दोन्ही पुढे येतात.

प्रश्न : 'मा' म्हणजे काय आणि 'माज़ा' म्हणजेही काय. मग फरक कशाचा?

पुढे काय येतं त्याचा. पुढे नाम किंवा सर्वनाम असेल तर 'मा', क्रियापद असेल तर 'माज़ा'. 'मा हाज़ा?' हे काय आहे? 'माज़ा तफ़्अ़ल्?' तू काय करतोस?

हा नियम नुसता पाठ करून टिकत नाही, त्यामागचं कारण समजलं की टिकतो. 'मा' हा शब्द नकारासाठीही वापरतात, विशेषतः भूतकाळी क्रियापदाच्या आधी. 'मा कतब्त' म्हणजे 'तू लिहिलं नाहीस'. 'तू काय लिहिलंस?' विचारायचं असेल तर 'माज़ा कतब्त?' म्हणायला हवं. एक अक्षर कमी पडलं की प्रश्नाचा आरोप होतो. म्हणून क्रियापदासमोर 'मा' टाळायचं, ही सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्या.

'मा'पुढे 'अल्' किंवा 'इस्म्' (नाव) यांसारखा शब्द आला की 'मा'तला आ आखूड होतो आणि पुढचा स्वर गळतो. म्हणून 'मा इस्मुक'चा उच्चार 'मस्मुक?' होतो, आणि 'काय अडचण आहे?' हे 'मल्-मुश्किल?' असं ऐकू येतं. लिहिताना मात्र दोन्ही शब्द पूर्ण आणि सुटे लिहितात. श्रुतलेखनात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

शब्दयोगी अव्यय लागलं तर ते आधी जोडायचं आणि 'मा' आखूड करायचा: 'लिम' कशासाठी, 'बिम' कशानं, 'अ़म्म' कशाबद्दल, 'मिम्म' कशापासून. हे सगळे एकेक जोडशब्द म्हणून लिहिले जातात. बोलताना 'अ़न् माज़ा तब्ह़थ़्?' (काय शोधतोस?) असं पूर्ण रूपही चालतं, आणि नव्या शिकणाऱ्यानं तेच वापरावं, तोडून ऐकू येतं, चूक होत नाही.

माणसाबद्दल विचारताना 'मन्': 'मन् हाज़ा?' हा कोण? 'मन् हाज़िहि?' ही कोण? आणि 'कोणाचं' हे 'लिमन्': 'लिमन् हाज़ल्-किताब्?' हे पुस्तक कोणाचं?

प्रश्न : 'मन्' आणि 'मिन्' बोलताना सतत अदलाबदल होते. लिहिलेलं तर सारखंच दिसतं.

सारखं दिसतं, कारण अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. 'मन्' म्हणजे कोण आणि 'मिन्' म्हणजे -पासून, -हून. वाचताना वाक्यातल्या जागेवरून ओळखायचं. वाक्याच्या सुरुवातीला आणि पुढे क्रियापद किंवा व्यक्ती असेल तर बहुधा 'मन्'. पुढे ठिकाण किंवा 'अय्न' (कुठे) असेल तर 'मिन्'.

कानाला मदत करणारी एक खूण आहे. पुढे 'अल्' आलं की 'मन्'चं 'मनिल्' होतं आणि 'मिन्'चं 'मिनल्'. म्हणजे स्वरांची जागाच बदलते. 'मनिल्-मुदीर्?' व्यवस्थापक कोण? 'मिनल्-मुदीर्' व्यवस्थापकाकडून. हे जोडीनं वीस वेळा मोठ्यानं म्हणा.

'मन्'पुढचं क्रियापद सहसा पुल्लिंगी एकवचनी ठेवतात, जाणारी बाई असली तरी: 'मन् ज़हब?' कोण गेलं? मराठीतही इथे लिंग बाजूला ठेवून 'कोण गेलं' असंच म्हणतो, म्हणून हे अवघड जाऊ नये.

प्रश्न : मोठ्या माणसाला 'तुमचं नाव काय' असं आदरानं कसं विचारायचं? 'अन्तुम्' (तुम्ही) वापरलं तर चालेल का?

मराठी माणसाला ही शंका येणं स्वाभाविक आहे, कारण आपण आदरासाठी अनेकवचन वापरतो. अरबीत समोर एकच माणूस असताना 'अन्तुम्' म्हणणं फार औपचारिक पत्रव्यवहारात आणि राजशिष्टाचारात आढळतं. रोजच्या बोलण्यात एका माणसाला 'अन्तुम्' म्हटलं की तो मागे आणखी कोण उभं आहे का, असं बघतो. पुरुषाला 'अन्त', बाईला 'अन्ति' म्हणण्यात अनादर नाही. आदर दाखवायचा असेल तर 'ह़द़्रत' हा शब्द वापरा: पुरुषाला 'मस्मु ह़द़्रतिक?', बाईला 'मस्मु ह़द़्रतिकि?' शेवटी 'मिन् फ़द़्लिक' (बाईला 'मिन् फ़द़्लिकि') म्हणजे 'कृपया' जोडलं की झालं.

जपायचं आहे ते लिंग. बाईशी बोलताना सर्वनाम आणि क्रियापद दोन्ही बदलतात: 'हल् तुरीदु क़ह्वतन्?' (कॉफी हवी का?) पुरुषाला, 'हल् तुरीदीन क़ह्वतन्?' बाईला. सर्वनाम बदललं आणि क्रियापद तसंच राहिलं, ही नेहमीची चूक. पाठांतर करताना प्रत्येक प्रश्न दोनदा म्हणा, एकदा पुरुषाला उद्देशून, एकदा बाईला. एकाच रूपात घोकलेला प्रश्न ऐन वेळी त्याच रूपात बाहेर पडतो.

प्रश्न : 'कम्' नंतर अनेकवचन का येत नाही? 'किती मुलं' म्हणजे मुलं अनेकच ना?

अर्थानं अनेक, पण व्याकरणानं एकवचनी. 'कम्'पुढचं मोजायचं नाम एकवचनी, 'अल्'शिवाय आणि शेवटी 'अन्' लागलेलं असतं: 'कम् वलदन्?' किती मुलगे? 'कम् सय्यारतन्?' किती मोटारी? 'कम् औलाद्' ही मराठीतून उचललेली चूक आहे.

लक्षात ठेवायला सोपी वाट अशी: अरबीत ११ ते ९९ या आकड्यांपुढचं नाम अगदी याच रूपात येतं. 'अह़द अ़शर किताबन्' अकरा पुस्तकं, 'इ़श्रून किताबन्' वीस पुस्तकं, 'कम् किताबन्?' किती पुस्तकं? 'कम्'ला वीसच्या जागेवर बसवा, नाम आपोआप बरोबर येईल. उत्तरात मात्र आकड्याप्रमाणे रूप बदलतं. दोनाला स्वतंत्र द्विवचन आहे: 'ली अख़वान्' मला दोन भाऊ आहेत. तीन ते दहाला अनेकवचन लागतं: 'थ़लाथ़तु इख़्व' तीन भाऊ. म्हणजे प्रश्नात 'कम् अख़न्?' (किती भाऊ?) ऐकलं म्हणून उत्तरात तेच परत करता येत नाही.

'कम्'नंतर नेहमी मोजायचीच वस्तू येते असं नाही. 'कम् उ़म्रुक?' तुझं वय किती? 'बिकम् हाज़ा?' हे केवढ्याला? इथे 'अन्' लागत नाही, कारण वय किंवा ही वस्तू आपण मोजत नसून तिचं माप विचारत असतो. पाणी, वेळ अशा न मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी 'कम् मिनल्-मा'?' (किती पाणी?), 'कम् मिनल्-वक़्त्?' (किती वेळ?).

सगळ्यात फसवी जोडी वेळेची. 'कमिस्-साअ़?' म्हणजे किती वाजले? 'कम् साअ़तन्?' म्हणजे किती तास? एक 'अल्' इकडचा तिकडे झाला की गाडी किती वाजता, याऐवजी किती तासांची, असा प्रश्न होतो. किती वाजले याचं उत्तर क्रमवाचक शब्दांत येतं, तेही स्त्रीलिंगी, कारण 'साअ़' स्त्रीलिंगी: 'अस्-साअ़ अथ़्-थ़ालिथ़ वन्-निस़्फ़्' साडेतीन. एक वाजला यासाठी तेवढं 'अल्-वाह़िद' म्हणतात, 'पहिला' हा शब्द नाही. पाव तास कमी असेल तर 'इल्ला रुब्अ़न्': 'अर्-राबिअ़ इल्ला रुब्अ़न्' म्हणजे पावणेचार. अरबीत तासाचा तिसरा भागही वापरतात, 'वथ़्-थ़ुल्थ़्' म्हणजे वर वीस मिनिटं. हा शब्द ऐकायची सवय नसेल तर वेळ हमखास चुकते.

प्रश्न : 'येणार नाहीस का?' असं विचारलं तर 'नअ़म्' (हो) म्हणायचं की 'ला' (नाही)?

इथे मराठी डोकं उपयोगी पडतं. 'येणार नाहीस का?' याला आपण 'हो, नाही येणार' म्हणतो. 'हो' म्हणून समोरच्याचा नकार मान्य करतो. प्रमाण अरबीत 'नअ़म्'चा अर्थ असाच: नकारार्थी प्रश्नाला 'नअ़म्' म्हणजे 'बरोबर, नाही'. नकार खोडून 'येणार की!' म्हणायचं असेल तर वेगळा शब्द आहे, 'बला'.

'अलय्स हाज़ा किताबक?' हे तुझं पुस्तक नाही का? पुस्तक तुमचं असेल तर 'बला', नसेल तर 'नअ़म्' किंवा जास्त स्पष्ट 'ला, लय्स किताबी'. कुराणात सातव्या सूरेच्या १७२व्या आयतीत 'मी तुमचा पालनकर्ता नाही का?' या प्रश्नाला आत्म्यांनी दिलेलं उत्तर 'बला' हेच आहे, आणि व्याकरण शिकवणारे फरक समजावताना हेच उदाहरण देतात. आजच्या बोलण्यात मात्र हा नियम सैल झाला आहे, अनेक जण 'नअ़म्' सरसकट होकारासाठी वापरतात. म्हणून नुसता एक शब्द देऊन थांबू नका, पुढे पूर्ण वाक्य जोडा.

असे प्रश्न 'हल्'नं सुरू होत नाहीत. 'हल् लय्स', 'हल् ला' चुकीचं. नकाराला 'अ' जोडायचा: 'अलय्स', 'अला', आणि भूतकाळासाठी 'अलम्'. 'अलय्स कज़ालिक?' म्हणजे 'हो ना?', 'असंच ना?', हे कुठल्याही विधानाच्या शेवटी जोडता येतं.

प्रश्न : 'अम्' आणि 'औ' दोन्हीचा अर्थ 'किंवा' असा दिला आहे. कुठलं कुठे?

शब्दकोशातला अर्थ इथे अपुरा पडतो. मराठीत 'की' आणि 'किंवा' असे दोन शब्द आहेत, तेच पकडा. 'चहा हवा की कॉफी?' इथे समोरच्यानं एक निवडायचं आहे, 'हो' हे उत्तर चालत नाही. ही 'की' म्हणजे 'अम्', आणि तिच्यासोबत प्रश्न 'अ'नं सुरू होतो: 'अ-शायन् तुरीदु अम् क़ह्व?' 'चहा किंवा कॉफी हवी का?' याला 'हो' किंवा 'नको' असं उत्तर येतं. ही 'किंवा' म्हणजे 'औ', आणि सोबत 'हल्': 'हल् तुरीदु शायन् औ क़ह्व?'

शंका आली की प्रश्न आधी मराठीत मनात म्हणा. 'की' आली तर 'अ... अम्', 'किंवा' आली तर 'हल्... औ'. निवडीचे दोन पर्याय 'अ'च्या लगेच पुढे आणि 'अम्'च्या लगेच पुढे ठेवायचे. 'अ-तुरीदु शायन् अम् क़ह्व' असं क्रियापद आधी घेणारे पुष्कळ आहेत आणि ते समजतंही, पण नेटकं वाक्य पहिलंच.

प्रश्न : 'तुझ्याकडे पेन आहे का' आणि 'तुला भाऊ आहे का' यासाठी वेगवेगळे शब्द ऐकले. नेमके कोणते?

मराठीत तीन रचना आहेत आणि अरबीतही जवळपास त्याच तीन आहेत. 'तुला भाऊ आहे का?' हे नात्याचं: 'हल् लक अख़्?' 'तुझ्याकडे मोटार आहे का?' हे मालकीचं: 'हल् इ़न्दक सय्यार?' 'तुझ्याजवळ आत्ता पेन आहे का?' हे अंगावर, हाताशी असण्याचं: 'हल् मअ़क क़लम्?' बाईला 'लकि, इ़न्दकि, मअ़कि'.

बोलताना 'इ़न्द' नात्यांसाठीही सर्रास वापरतात, त्यामुळे ते एकच येत असेल तरी अडणार नाही. 'मअ़क'च्या जागी 'इ़न्दक' वापरलं तर मात्र अर्थ सरकतो: पैसे असतात, पण घरी. आत्ता सुटे हवे असतील तर 'मअ़क'च विचारा. 'इथे जवळ खानावळ आहे का?' अशा नुसत्या असण्यासाठी चौथी रचना: 'हल् यूजदु मत़्अ़म् क़रीब् मिन् हुना?'

प्रश्न : 'लिमाज़ा'ला (का?) उत्तर देताना 'लिअन्न' म्हटलं की पुढे अडखळायला होतं.

'लिअन्न' (कारण) याच्या लगेच पुढे क्रियापद येत नाही. मधे नाम किंवा जोडसर्वनाम लागतं. 'लिअन्न उरीदु' चूक, 'लिअन्नी उरीदु' (कारण मला हवंय) बरोबर. 'लिअन्नक' कारण तू, 'लिअन्नहु' कारण तो, 'लिअन्नहा' कारण ती. हेतू सांगायचा असेल तर 'लिअन्न' टाळून 'लि' आणि क्रियापद: 'लिअद्रुस' म्हणजे शिकण्यासाठी. एका शब्दात उत्तर होतं.

प्रश्न : प्रश्न नीट विचारता येतो, पण उत्तर आलं की काही कळत नाही. काय करावं?

प्रश्नाची जात बदलावी. 'कय्फ़ अज़्हबु इलल्-मह़त़्त़?' (स्थानकावर कसं जाऊ?) हा प्रश्न बिनचूक विचारता आला तरी उत्तरात डावीकडे, उजवीकडे, चौकानंतर, पुलाखालून असे दहा शब्द येणार. त्याऐवजी बोटानं दिशा दाखवून 'हलिल्-मह़त़्त़ मिन् हुना?' (स्थानक इकडून का?) आणि मग 'अ-क़रीब अम् बई़द?' (जवळ की लांब?) असं विचारा. हो-नाही आणि हे-की-ते या प्रश्नांची उत्तरं तुम्हाला आधीच माहीत असलेल्या शब्दांत येतात. पहिले काही महिने 'कय्फ़' आणि 'लिमाज़ा' हे वर्गासाठी ठेवा, रस्त्यावर 'हल्', 'अय्न', 'बिकम्' यांच्यावर काम भागवा.

भाषेबद्दलचे प्रश्न सगळ्यांत आधी पाठ करा, कारण तेच पुढचं सगळं शिकवतात. 'मा मअ़्ना हाज़िहिल्-कलिम?' या शब्दाचा अर्थ काय? 'कय्फ़ तक़ूलु हाज़ा बिल्-अ़रबिय्य?' हे अरबीत कसं म्हणतात? 'मल्-फ़र्क़ु बय्न... व...?' या दोन्हींत फरक काय? आणि प्रश्न नसलेली दोन वाक्यं: 'मर्रतन् उख़्रा' (पुन्हा एकदा) आणि 'बिबुत़्'' (हळू). दोन्हींसोबत 'मिन् फ़द़्लिक'.

प्रश्न : नोकरीनिमित्त ज्यांच्याशी बोलावं लागतं ते 'शू', 'वेन', 'एह' म्हणतात. मग फ़ुस़्ह़ा शिकून उपयोग काय?

तुम्ही फ़ुस़्ह़ात विचारलेला प्रश्न शाळा शिकलेला जवळपास प्रत्येक अरबी माणूस समजतो. अडचण उत्तराची आहे, ते बोलीत येतं. आमचं मत असं की वाक्याचा सांगाडा फ़ुस़्ह़ातून शिकावा आणि प्रश्नार्थक शब्द तेवढे, ज्या प्रदेशाशी संबंध येणार त्या एकाच बोलीतून उचलावेत. तीन बोलींचे शब्द एकदम गोळा केले तर एकही ओठांवर येत नाही.

इजिप्तमध्ये काय 'एह', कोण 'मीन', कुठे 'फ़ेन', केव्हा 'इम्ता', का 'लेह', कसं 'इज़्ज़ाय', किती 'काम'. (बोलींतल्या या प्रश्नार्थक शब्दांत शेवटचा अ मराठीसारखा गाळायचा: 'मीन्', 'फ़ेन्'. 'इज़्ज़ाय'मधला ज़ दातांमधला नाही, तो सरळ 'झ'सारखा घुमणारा.) सीरिया, लेबनॉन, जॉर्डन, पॅलेस्टाइन भागात त्याच क्रमानं 'शू', 'मीन', 'वेन', 'एम्ता', 'लेश', 'कीफ़', 'अद्देश'. आखाती देशांत 'शू', 'एश' किंवा 'शिनू', कोण 'मिनू', कुठे 'वेन', केव्हा 'मिता', का 'लेश', कसं 'श्लोन'. इराकमध्ये 'शिनू', 'मिनू', 'वेन', केव्हासाठी 'श्वकित', कितीसाठी 'श्गद'. मोरोक्कोत 'श्नू', 'श्कून', 'फ़ीन', का 'अ़्लाश', कसं 'कीफ़ाश', किती 'श्ह़ाल'. ए आणि ओ हे स्वर मराठीत असल्यानं हे उच्चार आपल्याला सहज जमतात.

मराठी बोलणाऱ्याला इजिप्तची बोली एका बाबतीत फार जवळची वाटेल. तिथे प्रश्नार्थक शब्द पुढे खेचत नाहीत. 'इस्मक् एह?' तुझं नाव काय? 'दा एह?' हे काय? 'इन्त मीन?' तू कोण? 'इल्-मह़त़्त़ फ़ेन?' स्थानक कुठे? शब्दाला शब्द मराठीचाच क्रम. मात्र ही सवय घेऊन फ़ुस़्ह़ा लिहायला बसलात तर परीक्षेत गुण जातील, तिथे 'अय्नल्-मह़त़्त़?' हाच क्रम.

बोलींत 'हल्' जवळजवळ येतच नाही. विधान तसंच ठेवून शेवटी सूर चढवला की प्रश्न होतो: 'फ़ीह् मत़्अ़म् हिना?' इथे खानावळ आहे? 'का' गाळून नुसत्या सुरावर विचारणं मराठीतही चालतं, तेव्हा वेगळं काही शिकायचं नाही. सूर मात्र शेवटच्या शब्दावर स्पष्ट चढायला हवा, नाहीतर ते विधान वाटतं.

प्रश्न : घरी एकट्यानं सराव कसा करावा?

एक लांबसं विधान घ्या आणि त्याच्या प्रत्येक भागाला प्रश्न विचारा. उदाहरणार्थ: 'साफ़रत् मर्यम् इलल्-क़ाहिर यौमल्-ख़मीस् बिल्-क़ित़ार्.' मर्यम गुरुवारी रेल्वेनं कैरोला गेली. आता: 'हल् साफ़रत् मर्यम्?' मर्यम गेली का? 'मन् साफ़र इलल्-क़ाहिर?' कैरोला कोण गेलं? (क्रियापद पुल्लिंगी झालं, बघा.) 'इला अय्न साफ़रत् मर्यम्?' कुठे गेली? 'मता साफ़रत्?' केव्हा? 'फ़ी अय्यि यौमिन् साफ़रत्?' कोणत्या दिवशी? 'कय्फ़ साफ़रत्?' कशी? 'लिमाज़ा साफ़रत्?' का?

ज्या भागाचा प्रश्न केला तो भाग वाक्यातून काढून टाकायचा. केव्हा विचारल्यावर 'यौमल्-ख़मीस्' तसंच ठेवणं ही पहिल्या दिवसातली चूक, दोन दिवसांत जाते. दुसरी जास्त चिवट: 'कुठे गेली'मधला 'इला' विसरणं. मराठीत 'कुठे' एवढ्यानं भागतं, पण अरबीत नुसतं 'अय्न' म्हणजे 'कोणत्या जागी'. जाण्याची दिशा दाखवायला 'इला अय्न' आणि येण्याची 'मिन् अय्न'. शब्दयोगी अव्यय नेहमी प्रश्नार्थक शब्दाच्या आधी: 'मअ़ मन्?' कोणाबरोबर? 'फ़ी अय्यि साअ़तिन्?' किती वाजता? 'अय्य' (कोणता) याच्यापुढचं नाम एकवचनी आणि 'अल्'शिवाय राहतं.

रोज एक वाक्य, सात प्रश्न, आधी लिहून आणि मग वहीत न बघता मोठ्यानं. लिहिताना प्रश्नचिन्ह आपल्या चिन्हाच्या उलट दिशेला वळलेलं काढायचं, आणि ते ओळीच्या डाव्या टोकाला येतं, कारण अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात.